चाळीसचे चार झाले तेव्हा

मोठ्या हॉस्पिटलला तळघर असतं आणि त्या तळघरात धुलाई चालते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पेशंटला पांढरी चादर मिळते. ती कुठून आली हे विचारायच्या मनःस्थितीत तो नसतो. अशाच एका तळघरात ही बाई बारा वर्षांपूर्वी घड्या घालायला म्हणून लागली. सकाळी वॉर्डांतून मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या खाली यायच्या. रक्ताचे डाग असलेले कपडे एकीकडे, साधे दुसरीकडे, मग मशीन, मग वाळवणी, आणि शेवटी दोघींनी दोन टोकं धरून चादर इस्त्रीच्या गरम रुळांमध्ये सोडायची. पलीकडून बाहेर आली की चार घड्या, वरून एकदा हात फिरवायचा, की पुढची. दिवसाला नऊशे चादरी. नऊशे हा आकडा कुणी तिला सांगितला नव्हता, तिने मोजला होता. ती सगळंच मोजायची. जिना चढताना पायऱ्या, लिफ्टमध्ये बटणं. वॉर्डातल्या नर्सनी तिला मोजणीबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायची.

घड्या घालता घालता तिने बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवली. मग घडीच्या टेबलाची मुकादम झाली, आणि पस्तिशीत अख्ख्या धुलाईची प्रमुख. प्रमुख झाल्यावर तिने पहिल्यांदा हात घातला तो हरवणाऱ्या चादरींच्या प्रश्नाला. महिन्याला तीनशे चादरी कुठे जायच्या कुणास ठाऊक. काही पेशंटबरोबर दुसऱ्या हॉस्पिटलात जायच्या, काही झिजून फाटायच्या आणि फरशी पुसायला लागायच्या, काही नर्सच्या कपाटात अडीअडचणीसाठी दडून बसायच्या. हिने नियम केला: एक मळकी द्या, एक धुतलेली घ्या. फाटली असेल तर फाटकी आणून द्या, ती ‘बाद’ म्हणून लिहू आणि नवी देऊ. पण हरवली असेल, तर वॉर्डच्या सिस्टरने लेखी खुलासा द्यायचा.

वर्षभरात तीनशेच्या एकशे ऐंशी झाल्या. चाळीस टक्के घट! प्रशासक साहेब खूष. त्यांनी हा आकडा विश्वस्तांच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचं ठरवलं आणि तिला रजिस्टर घेऊन बोलावलं. रजिस्टर आत गेलं, ती बाहेर बाकावर बसली. आतली चर्चा अर्धवट ऐकू येत होती. जड जड शब्द चालले होते. त्यातले आकडे तेवढे तिच्या ओळखीचे, बाकी आपल्याच धुलाईबद्दल काय बोलतायत हे तिला कळेना. तासाभराने शिपायाने रजिस्टर परत आणून दिलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, “मला एमबीए करायचंय.”

नवरा बस चालवायचा. नुकताच ड्यूटीवरून येऊन पाय ताणून बसला होता. “एमबीए? आपल्या घरात?”

“मग काय शेजाऱ्यांच्या घरात करू?”

शहरात एक नावाजलेलं बिझनेस स्कूल होतं. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा कोर्स होता. तिने आठ महिने अभ्यास केला. गणित बरं गेलं, इंग्रजीने घाम फोडला, पण प्रवेशपरीक्षा पास झाली आणि मुलाखतीचं पत्र आलं. त्या दिवशी लेकीने ते पत्र मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं.

तयारीसाठी तिने एक पुस्तक आणलं. मुलाखतीतले शंभर प्रश्न, शंभर उत्तरं. मुलाखत घेणारे म्हणून सासऱ्यांना बसवलं. सासरे शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवून आता घरी होते, आणि रिकामं बसून कंटाळले होते. मुलाचा टाय गळ्यात अडकवून ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि नाकावरच्या चष्म्यातून पुस्तकात बघत म्हणाले, “तुमची सर्वांत मोठी उणीव कोणती?”

“मी प्रत्येक कामात परिपूर्णतेचा आग्रह धरते,” ती घडाघडा म्हणाली.

सासऱ्यांनी पुस्तक खाली ठेवलं. “ही कसली उणीव गं? ही तर स्वतःची आरती झाली. उणीव म्हणजे माझी. मी शिवलेली बाही कायम अर्धा इंच लांब व्हायची. चाळीस वर्षं गिऱ्हाईकं बोलली, तरी सुधारलो नाही.”

“बाबा, पुस्तकात आहे ते विचारा ना.”

सासऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तीन आठवड्यांत शंभरच्या शंभर उत्तरं तोंडपाठ झाली. सासऱ्यांनी तिला करड्या रंगाचा एक कोटही शिवून दिला. बाही अर्धा इंच लांब होती.

मुलाखतीच्या दिवशी ती पाऊण तास आधी पोचली. लांबलचक पॅसेज, काचेची दारं, भिंतीला लागून खुर्च्या. आजूबाजूची मंडळी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मोबाइलवर हळू आवाजात कुणाकुणाशी बोलत होती. आत तिघं होते: अध्यक्ष म्हणून एक बाई, एका कंपनीतले अधिकारी आणि बारीक काड्यांचा चष्मा घातलेले एक प्राध्यापक. पहिले चार प्रश्न पुस्तकातलेच निघाले. तिने धाडधाड उत्तरं दिली. आपली गाडी रुळावर आहे असं तिला वाटायला लागलं, आणि तेवढ्यात त्या प्राध्यापकांनी फॉर्मवर बोट ठेवलं.

“हरवणाऱ्या चादरी चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या असं तुम्ही लिहिलंय. मग नव्या चादरींची खरेदी किती कमी झाली?”

असा प्रश्न असू शकतो हेच तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ती म्हणाली, “खरेदी स्टोअरकडे असते, सर. माझ्याकडे नाही.”

“बरं,” प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पुढे दहा मिनिटं मुलाखत चालली, पण तिचं लक्ष त्या ‘बरं’मध्येच अडकून बसलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. निवड झाली नव्हती.

नवरा समजुतीने म्हणाला, “सोड. पुढच्या वर्षी बघू.”

“बघू नाही. पुढच्या वर्षी मी जाणार आहे,” ती म्हणाली. “पण त्याआधी मला त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती स्टोअरमध्ये गेली. धुलाई आणि स्टोअर एकाच तळघरात, मधे फक्त एक पॅसेज. पण इतक्या वर्षांत धुलाईतलं कुणी खरेदीचे आकडे मागायला आलं नव्हतं, त्यामुळे स्टोअरकीपर आधी गडबडला आणि मग कौतुकाने फायली काढून बसला. तिच्या नियमाआधीच्या वर्षी नव्या चादरी आल्या होत्या तीन हजार सहाशे. नियमानंतरच्या वर्षी तीन हजार चारशे साठ.

तिने पुन्हा बघितलं. मग पेन काढून हातावरच भागाकार केला. चाळीस टक्के नव्हेच. जेमतेम चार.

कारण शोधायला वेळ लागला नाही, आणि ते सापडल्यावर तिला कुठे तोंड लपवावं असं झालं. पूर्वी फाटलेल्या चादरींची नोंदच नव्हती, त्यामुळे त्यासुद्धा हरवलेल्यांत धरल्या जायच्या. हिने ‘बाद’चं वेगळं रजिस्टर सुरू केलं आणि हरवलेल्यांतला मोठा हिस्सा नुसता या रजिस्टरातून त्या रजिस्टरात गेला. वर्षाला तेराशे चादरी बाद! आणि आपण टाळ्या घेतल्या.

पण एवढ्यावर ती थांबली नाही. तेराशे चादरी फाटतात कशा, हे तिला पटेना. मशीन तीच, पावडर तीच, कापडही तेच. तिने बाद चादरींचं पोतं घडीच्या टेबलावर ओतलं. सगळे तुकडे. अख्खी चादर एखाददुसरीच. त्यातले दोन स्वच्छ धुतलेले तुकडे तिने पिशवीत घालून घरी आणले आणि सासऱ्यांपुढे ठेवले.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. तुकडा उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला. “ही फाटलेली नाही, पोरी. ही फाडलेली आहे.”

“कशावरून?”

“कापड झिजून फाटलं की दोरे विरतात, फाट वाकडीतिकडी जाते. ही बघ, कशी सुतासारखी सरळ. आणि इथे काठाला बघ. कात्रीची खूण आहे. आधी काठ कापायचा, मग दोन्ही हातांनी टरकन ओढायचं. दुकानात आम्ही अस्तर असंच फाडायचो.” त्यांनी दुसरा तुकडा उचलून पहिल्याला लावला. कापडाची वीण वीणेला जुळली. “एकाच चादरीच्या दोन बहिणी आहेत या.”

तिला लगेच उलगडा झाला नाही. जेवताना पहिला घास तोंडाशी नेला आणि तो तसाच हातात राहिला. वॉर्डातली एक चादर हरवली, तर खुलासा लिहावा लागतो. पण दुसरी एखादी फाडून तिचे दोन तुकडे दिले, तर त्या दोन बाद चादरी ठरतात, दोन नव्या मिळतात आणि हरवलेली भरून निघते. ना खुलासा, ना कटकट. बाद चादर तुकड्यावर मोजायची, हे तिनेच ठरवलेलं होतं.

सगळ्यात मोठ्या वॉर्डची सिस्टर म्हणजे तोफ. मोजणीबाई ते दोन तुकडे घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. वाटलं होतं, ती कानावर हात ठेवेल. तिने साफ कबूल केलं.

“हो, मीच फाडली. माझ्या हाताखालच्यांनीही फाडल्यात. काय करणार आहेस?”

“अहो, पण चांगली चादर फाडायची?”

“तू खाली बसून मोजतेस. इथे पेशंट उलटी करतो, चादर बदलायची. अर्ध्या तासात पुन्हा बदलायची. एखादी अँब्युलन्सबरोबर जाते, ती परत येते का? आणि प्रत्येकीसाठी मी खुलासा लिहू? पेशंट बघू की निबंध लिहू?” तिने ते तुकडे टेबलावर आपटले. “तुझ्या नियमाआधी माझ्या कपाटात वीस चादरी जास्तीच्या असायच्या. त्या तू काढून नेल्यास. ऐनवेळी पेशंट आला तर काय तुझं रजिस्टर अंथरू?”

मोजणीबाई तिथेच स्टुलावर बसली, खिशातून वही काढली आणि म्हणाली, “किती जास्तीच्या पाहिजेत तुम्हाला? मला दिवसाचा सगळा क्रम सांगा. मी लिहून घेते.”

सिस्टरने टेबलावरचे तुकडे बाजूला सारले आणि ती सांगायला लागली.

पुढचे दोन महिने मोजणीबाई जेवणाच्या सुट्टीत एकेका वॉर्डात जाऊन बसली. पण त्याआधी तिने एक काम केलं, आणि ते तिला सगळ्यात जड गेलं. ती प्रशासक साहेबांकडे गेली. “साहेब, तो चाळीस टक्क्यांचा आकडा चुकलाय. चार आहे.”

साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे बघा, विश्वस्तांसमोर आकडा मांडून झालाय. कुणी काही विचारलेलं नाही. तुम्ही आता पद्धत सुधारताय ना? मग झालं तर. मागचं कशाला उकरायचं?”

“साहेब, सुधारल्यावर जो आकडा येईल, तो मी कशाशी ताडून बघू? चाळीसशी ताडला तर आपण मागे गेलो असं दिसेल.”

“तुम्हाला माझी पंचाईत करायचीय का?”

“नाही. चूक माझी आहे, तसं मी माझ्या सहीने लिहून आणलंय.” तिने कागद टेबलावर ठेवला.

साहेबांनी कागद उचलला नाही. पुढे तीन महिने ते तिच्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत. वार्षिक शेऱ्यात ‘समाधानकारक’ एवढंच आलं. आधीच्या वर्षी ‘उत्कृष्ट’ होतं. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. घरी येऊन तिने कपाट आवरायला काढलं. ती फार चिडली की कपाट आवरायची. पण तो कागद मात्र तिने परत मागितला नाही. शेवटी तो पुढे गेलाच. विश्वस्तांच्या अहवालात एका तळटीपेत आकडा दुरुस्त झाला.

नवी पद्धत साधी होती. प्रत्येक वॉर्डला त्याच्या कामाच्या मानाने जास्तीच्या चादरींचा एक गठ्ठा दिला. खुलासा बंद. बाद चादरी तुकड्यांवर न मोजता वजनावर मोजायच्या. आणि महिन्याच्या शेवटी हरवल्या किती, फाटल्या किती याचा वाद न घालता, नव्या किती लागल्या एवढंच बघायचं. आठ महिन्यांत नव्या चादरी शेकडा अकराने कमी लागल्या. चाळीसपुढे अकरा म्हणजे काहीच नाही. पण हे अकरा तिने स्टोअरमध्ये जाऊन स्वतः ताडून बघितले होते.

दुसऱ्या मुलाखतीची तयारी पुस्तकाविना झाली. ते पुस्तक तिने रद्दीत दिलं होतं. सासरे टायशिवाय टेबलाशी बसले, समोर चहाचा कप, आणि तिच्या प्रत्येक उत्तरावर एकच विचारत राहिले, “कशावरून?” ती म्हणाली, मी माणसं चांगली सांभाळते. कशावरून? माझ्याकडची माणसं सोडून जात नाहीत. कशावरून? तीन वर्षांत दोघंच गेले. का गेले? एक गेला तो तिच्याच बोलण्याला कंटाळून, आणि हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सासरे म्हणाले, “हे विचारलं तर हेच सांग.” काही संध्याकाळी ती इतकी वैतागायची की मधेच उठून जायची. मग पाणी पिऊन परत येऊन बसायची.

या वेळी तिघांतले दोघं नवीन होते. तिसरे तेच बारीक चष्म्याचे प्राध्यापक. त्यांनी तिला ओळखलं नाही. वर्षभर ज्या माणसाचा प्रश्न ती उशाला घेऊन झोपली होती, त्याने तिच्याकडे एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि “बसा” म्हटलं. तिला हसूच आलं.

सुरुवातच वाईट झाली. एका तरुण प्राध्यापिकेने व्याजदर आणि महागाईबद्दल काहीतरी विचारलं. तिला ते येत नव्हतं. “नाही माहीत, मॅडम. वाचते मी, पण अजून नीट समजत नाही.” मॅडमनी मान हलवली आणि फाइल चाळता चाळता त्या थबकल्या.

“तुम्ही गेल्या वर्षीही आला होतात. तेव्हाच्या फॉर्मात लिहिलंय, चाळीस टक्के. या वर्षी त्याच कामाबद्दल लिहिलंय, चार टक्के. यातला खोटा कोणता?”

“चाळीस,” ती म्हणाली. “खोटं लिहायचं म्हणून लिहिला नव्हता. पण मी खरेदी बघितलीच नव्हती, म्हणजे खोटाच म्हणायला हवा.”

मग तिने सगळं सांगितलं. कात्रीची खूण, वीणेला जुळलेली वीण, सिस्टरचं भांडण, साहेबांपुढे ठेवलेला कागद. मधे तिची गाडी दोनदा अडखळली, एकदा शब्द सापडेना तेव्हा तिने दोन्ही हातांनी चादर फाडून दाखवल्यासारखं केलं. तिघंही पुढे झुकून ऐकत होते. तिघांतले दुसरे नवे, एका कंपनीतले अधिकारी, म्हणाले, “तुमचे साहेब नाराज झाले असतील.”

“झाले. अजून आहेत.”

“आणि तुम्ही ज्या नर्सना पकडलंत, त्यांच्यावर काही कारवाई?”

“कारवाई कसली? नियम माझा होता. मी तसा नियम केला म्हणून त्यांनी तसं केलं. त्यांच्या जागी मी असते, तर मीही कात्रीच घेतली असती.”

बारीक चष्म्याच्या प्राध्यापकांनी फाइल मिटली. ते म्हणाले, “हे सगळं तुम्ही आमच्याशिवायच केलंत. मग इथे येऊन काय करणार?”

याचं उत्तर तिने तयार केलेलं नव्हतं. “सर, गेल्या वर्षी इथे मला कुणीतरी एक प्रश्न विचारला होता. त्याचं पुरतं उत्तर शोधायला मला वर्ष लागलं, आणि प्रश्न विचारायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांनी आमचं तळघर कधी बघितलेलं नव्हतं. न बघता त्यांना तो प्रश्न कसा सुचला, ते मला शिकायचंय.”

“कुणी विचारला होता?” प्राध्यापकांनी विचारलं.

“तुम्हीच, सर.”

मॅडम खळखळून हसल्या. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “बरं.”

पत्र यायला महिना लागला. आलं ते प्रतीक्षायादीचं. सातवा क्रमांक. लेकीने विचारलं, “सातवा म्हणजे चांगला की वाईट?” ती म्हणाली, “सातवा म्हणजे सातवा.” आणि रजेचा अर्ज करायला गेली, शनिवारच्या, सहा महिन्यांच्या. नवऱ्याने विचारलं, “नंबर लागला नाही तर?” “तर मागे घेईन. पण लागला आणि रजा नसली तर मी काय करू?” नवऱ्यानेही मग डेपोत जाऊन शनिवारची ड्यूटी बदलून मागितली.

क्लास सुरू व्हायच्या चार दिवस आधी फोन आला. सातव्या क्रमांकापर्यंत यादी सरकली होती, आणि तिच्यानंतर एकही जागा उरली नव्हती.

आता तिची दुसरी सहामाही चालू आहे. वर्गात तिच्याहून वयाने मोठे दोघंच. आकडेवारीच्या विषयात तिला पहिल्या पाचांत मार्क आहेत. अर्थशास्त्राचा पेपर मात्र राहिला, तीन मार्कांनी. जेवणाच्या सुट्टीत ती घडीच्या टेबलाच्या टोकाला पुस्तक उघडून बसते, आणि चादरी धरणाऱ्या बायका पलीकडून ओरडून विचारतात, “काय मोजणीबाई, व्याजदर वाढले की उतरले?” ती मान वर न करता सांगते. कधी बरोबर असतं, कधी नसतं. पेपर पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. ती देणार आहे.